साडेचार महिन्यांचं पिल्लू इतर कुत्र्यांना बघून भेदरतं. ओळख कशी करून द्यायची?

शेवंती
११ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे गुळ्या आहे. गावठीच, गुळाच्या ढेपेचा रंग म्हणून गुळ्या. फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या लेकाला कर्वेनगरात नदीकडच्या रस्त्याला एका सिमेंटच्या पाइपात सापडला. आई नाही, भावंडं नाहीत, एकटाच कुंईकुंई करत बसलेला. डॉक्टरांनी दात बघून पाचेक आठवड्यांचा असेल म्हणून सांगितलं. म्हणजे आता साडेचार महिन्यांचा.

सगळ्या लसी होईपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं होतं. आम्ही ते इतकं मनावर घेतलं की मे संपेपर्यंत तो तिसऱ्या मजल्याच्या खाली उतरलाच नाही. दवाखान्यात जायचा तोसुद्धा टोपलीत, वर ओढणी टाकून.

शेवटचा डोस झाला आणि हौसेने नवीन पट्टा घालून खाली नेला. पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये बी विंगमधला सिंबा (लॅब्राडोर, दोन वर्षांचा, सुटा) धावत आला. त्याला खेळायचंच होतं, मान्य. पण गुळ्याला त्याने लोळवलं, वर पंजा ठेवला. गुळ्या जो किंचाळला की दोन मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली. सिंबाचे मालक हसत म्हणाले, "काही करत नाही हो तो."

तेव्हापासून लिफ्टचं दार उघडलं की हा बूड टेकतो. लांबवर कुत्रं दिसलं तरी पाठीवरचे केस उभे, भुंकून भुंकून घसा बसतो, आणि कुत्रं जवळ आलं की माझ्या पायांत. गल्लीत चार कुत्री आहेत. त्यातली काळी म्हातारी, कानाला खाच असलेली. बाकी टायगर आणि दोन तरुण.

शेजारी म्हणतात सोडून द्या, आपापसात बघतील. एका प्रशिक्षकाने फोनवरच सांगितलं, साखळीला एक झटका द्या, गप्प बसेल. सासूबाई म्हणतात, घरातलं कुत्रं आहे, त्याला कशाला हव्यात ओळखी? खरं सांगू, तिघांचंही मला थोडं थोडं पटतं, म्हणूनच घोळ झालाय. उशीर झालाय का? आणि नक्की कशासाठी प्रयत्न करायचा, तेच मला कळत नाहीये.

*

तात्या_टेकडीकर
१२ जून, सकाळी ६:०२

शेवंतीताई, उगाच काळजी करताय. आमच्या घरी चाळीस वर्षं कुत्री. कुणी कधी ओळखीबिळखी करून दिल्या नाहीत. पिल्लाला मोठं कुत्रं चावत नाही, निसर्गाचा नियम आहे. वेताळ टेकडीवर आणा पहाटे, पट्टा काढा, दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी टोळीत सामील. हल्ली माणसांच्या पोरांना बालवाडी आणि कुत्र्यांच्या पोरांनाही बालवाडी.

*

वाडीतलो_बाबलो
१२ जून, सकाळी ८:२०

तात्या +१. आमच्या मोत्याक कोणी शिकवल्यान? :)

*

गोठा_ते_क्लिनिक
१२ जून, दुपारी २:४५

मी पशुवैद्यक आहे. निम्मं आयुष्य नगर जिल्ह्यात गाई-म्हशींमध्ये गेलं, आता शहरात कुत्री-मांजरं बघतो. तात्यांचा अनुभव खोटा नाही, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्यांच्या वाड्यातलं पिल्लू आईपाशी दोन महिने राहायचं, दिवसभर अंगणात असायचं, रस्त्यावरची कुत्री दारातून ये-जा करायची. ओळख कुणी करून दिली नाही, कारण ती आपोआप होत होती. गुळ्या पाच आठवड्यांपासून फरशीवर वाढलाय. मोत्याचंही तेच, बाबलो. वाडीच त्याची शाळा.

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक काळ असतो. त्यात जे दिसेल, हुंगायला मिळेल, ते 'आपल्या जगातलं' म्हणून नोंदलं जातं. त्यानंतर नवी गोष्ट आधी संशयाच्या खात्यात जाते. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी पिल्लांच्या पिढ्यानपिढ्या वाढवून हे नोंदवलं आणि १९६५ साली ते छापून आलं. बाकीच्यांनी त्यावरच पुढे इमले रचले.

आता अडचण अशी की लसीकरणाचा काळ नेमका हाच. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असते तोवर ती लसीलाच निकामी करते. ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे. आपल्याकडे पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे विषाणूजन्य आजार रस्तोरस्ती आहेत. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, फिनाइलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू दोन दिवसांत हातातून जाताना मी इतक्यांदा पाहिलंय की 'टेकवू नका' म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही.

पण त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. जमिनीवर टेकवू नका, पण उचलून न्या की! अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट लिहिलंय की पहिल्या लसीनंतर सात दिवसांनी, म्हणजे सात-आठ आठवड्यांचं पिल्लूसुद्धा स्वच्छ जागेत दुसऱ्या पिल्लांत न्यावं. आपल्याकडे मी सांगतो ते असं: कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटं उभे राहा, रिक्षातून चक्कर मारा, लसी झालेलं शांत कुत्रं ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडे चहाला जा. नाक आणि कान दूरूनही शिकतात.

उशीर झालाय का? हो, थोडा. दार बंद झालंय, पण कडी लागलेली नाही. बारा आठवड्यांच्या आत जे चार दिवसांत झालं असतं त्याला आता दोन-तीन महिने लागतील.

झटक्याबद्दल: अजिबात नको. कुत्रं दिसलं की गळ्याला दुखतं, एवढंच तो शिकेल. आधी नुसती भीती होती, आता तिला कारणही मिळेल. आणि गुरगुरण्यावर रागावू नका. ती सूचना आहे. सूचना बंद पाडलीत तर एक दिवस सूचनेशिवाय चावेल.

रेबीजची लस झाली ना?

*

शेवंती
१२ जून, रात्री ९:३०

डॉक्टर, मनापासून आभार. वाचताना रडू आलं, कारण टोपलीवर ओढणी टाकणारी मीच होते, त्याला भीती वाटू नये म्हणून. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात झाली.

*

राईनकाठची
१३ जून, रात्री १२:५०

तात्यांच्या 'निसर्गनियमा'बद्दल. इथे जर्मनीतही हा समज घट्ट आहे, त्याला शब्दसुद्धा आहे, वेल्पेनशुट्झ, म्हणजे पिल्लाला मिळणारं अभय. आमच्या कुत्र्याच्या वर्गातल्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं की हे अभय फार तर आपल्या घरच्या कळपात मिळतं, परक्या कुत्र्याकडून ते गृहीत धरू नका. बरीचशी मोठी कुत्री पिल्लांचं चालवून घेतात, सगळी नाहीत.

आमचा बर्फी (मिश्र जात, लाजाळू) नऊ आठवड्यांचा असताना आम्ही पिल्लांच्या वर्गाला जायला लागलो. पहिल्या ठिकाणी बारा पिल्लं एका कुंपणात सोडून मालक कॉफी पीत गप्पा मारत उभे. बर्फी बाकाखाली, आणि एक बॉक्सर पिल्लू त्याला तिथून ओढून काढतंय. सगळे म्हणाले, छान, खेळतायत. दोन आठवड्यांनी तो गाडीतून उतरेना. वर्ग बदलला. दुसऱ्या बाईंनी पहिले दोन तास त्याला फक्त बाकाखाली बसू दिलं आणि कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. तिसऱ्या वेळी तो आपणहून बाहेर आला, एका म्हाताऱ्या डॅशहुंडाच्या शेपटीचा वास घेतला आणि परत बाकाखाली गेला. बाई म्हणाल्या, आजचं झालं, घरी जा.

त्यांची एक युक्ती मी आजही वापरते. दोघं खेळतायत की एक दुसऱ्याला छळतोय हे कळत नसेल तर वरचढ असलेल्याला धरून ठेवायचं आणि दुसरं काय करतं ते बघायचं. परत आलं, "चल ना" म्हणालं, तर खेळ. पळून गेलं तर सुटका.

सिंबाची चाचणी कुणी घेतली असती तर निकाल तुम्हाला ठाऊकच आहे.

अवांतर: आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडायचं नाही असा इथे कायदा आहे. भारतातही २०१७ च्या नियमांनी त्याआधी विकायला बंदी आहे, पण दुकानांत पाच-सहा आठवड्यांची पिल्लं सर्रास दिसतात. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की पलीकडचं ओरडतं आणि खेळ थांबतो. गुळ्याला हे मिळालेलंच नाही. तो घरी कचाकचा चावतो का?

*

शेवंती
१३ जून, सकाळी ७:१०

चावतो?? माझ्या सगळ्या सलवारींच्या पायांना जाळी झालीय.

*

स्पष्टवक्ता_६७
१३ जून, सकाळी ११:०५

माणसांना चालायला फुटपाथ नाहीत आणि इथे कुत्र्यांच्या मैत्रीचे धडे. आमच्या नातवाला मागच्या वर्षी गल्लीतल्याच कुत्र्याने चावलं. पाच इंजेक्शनं. पोर अजून रात्री दचकून उठतं. तुम्ही त्या कुत्र्यांशी ओळखी वाढवा, खायला घाला, आणि भोगायचं आम्ही.

*

फुटाळ्याची_पोर
१३ जून, सकाळी ११:४०

झालं सुरू. काका, प्रत्येक धाग्यावर हेच

*

स्पष्टवक्ता_६७
१३ जून, सकाळी ११:५२

प्रत्येक गल्लीत तेच आहे म्हणून प्रत्येक धाग्यावर तेच.

*

गोठा_ते_क्लिनिक
१३ जून, दुपारी १:१५

काकांवर चिडू नका. नातवाला चावलंय, ते दुःख खरं आहे. काका, ज्या गल्लीतली कुत्री नसबंदी आणि लस झालेली, ओळखीची असतात तिथे धोका कमी असतो, माझं म्हणणं इतकंच. आणि हे सगळ्यांसाठी: चावा किंवा ओरखडा, कुठल्याही कुत्र्याचा, अगदी घरच्या पिल्लाचा का असेना, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही.

*

प्रशासक
१३ जून, दुपारी ३:००

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर स्वतंत्र धागा आहे, तिथे लिहावे. इथे विषय गुळ्या.

*

फुटाळ्याची_पोर
१४ जून, रात्री १०:२०

आता सविस्तर लिहिते, कालपासून हात शिवशिवतायत. नागपुरात मी अनाथ पिल्लं सांभाळते, घर मिळेपर्यंत. आतापर्यंत तीसेक झाली असतील. त्यातली एकेकटी सापडलेली सगळ्यांत अवघड.

शेवंतीताई, तुम्ही विचारलंय नक्की कशासाठी प्रयत्न करायचा. गुळ्याने सगळ्यांशी दोस्ती करावी यासाठी नाही. बाजूने कुत्रं गेलं तर त्याने एकदा बघावं, हुंगावं, आणि "बरं" म्हणून तुमच्याबरोबर पुढे चालावं, यासाठी. आपण रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक माणसाच्या गळ्यात पडतो का? मोठ्या कुत्र्यांनाही ते नको असतं. दोन-तीन जिवाभावाची आणि बाकीच्यांशी नुसता रामराम, एवढं पुरतं.

सुरुवात काळीपासून करा. सिंबा नको, टायगर नको. कानाला खाच म्हणजे तिची नसबंदी झालेली आहे. म्हातारी कुत्री धीराची असते, आणि गल्लीत तिचा शब्द चालत असेल तर तिने स्वीकारलेलं पिल्लू बाकीची सहसा छळत नाहीत. मात्र आधी पंधरा दिवस बिस्किटापुरती तिच्याशी तुमची ओळख करा, गुळ्याशिवाय. तिच्या अंगावर गोचीड आहेत का, खरूज आहे का, ते बघा. जमलं तर तिला रेबीजची लस टोचून घ्या.

मग दोन माणसं लागतील. एकाच्या हातात गुळ्या, दुसऱ्याच्या मागे काळी (बिस्किटाच्या आशेने येतेच). रस्त्याच्या दोन बाजूंनी, एकाच दिशेने चालायचं. समोरासमोर आणायचं नाही! कुत्र्यांच्या जगात नाकासमोर सरळ चालून येणं म्हणजे उद्धटपणा. शहाणी कुत्री नेहमी वळसा घेऊन येतात आणि आधी मागून वास घेतात. आपण मात्र पट्टा आवळून तोंडाला तोंड भिडवतो आणि म्हणतो, "हाय कर, हाय कर."

किती अंतर ठेवायचं? गुळ्या काळीकडे बघूनही तुमच्या हातातला खाऊ खाईल इतकं. खाऊ नाकारला की समजायचं, फार जवळ आलो. चार पावलं मागे. काळी दिसली की खाऊ सुरू, दिसेनाशी झाली की बंद. हा क्रम उलटा करू नका, आधी खाऊ काढलात तर खाऊची पिशवीच धोक्याची घंटा होते. एका मुलीच्या कुत्र्याला पिशवीचा आवाज आला की तो कोपऱ्यात जायचा! आणि पट्टा सैल. तुमच्या हाताचा ताण पट्ट्यावरून थेट त्याच्या पोटात उतरतो. गळपट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस बरा.

रोज दहा-पंधरा मिनिटं, बस. हळूहळू दोन बाजू जवळ येतील. एक दिवस गुळ्या स्वतःच तिच्या मागून हुंगायला जाईल. तीन आकडे मोजायचे आणि गोड आवाजात हाक मारून पुढे चालू पडायचं. पहिली भेट एवढीच. लांबली की बिघडते.

त्याच्याकडे बघायला शिका. शेपटी हलते म्हणजे खूश, असं मुळीच नाही. उंच, ताठ, बारीक थरथरणारी शेपटी म्हणजे तार ताणलीय. सैल, अख्खं बूड हलवणारी असेल तर खरी खुशी. झोप नसताना जांभई, उगाच ओठ चाटणं, अचानक जमीन हुंगायला लागणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, ही सगळी "मला नको होतंय"ची भाषा. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि बूड वर, हा खेळायच्या आमंत्रणाचा नमस्कार. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गोठून उभं राहणं. लोक म्हणतात, बघा किती शांत. शांत नसतो तो.

काळी एखादवेळी गुळ्यावर खेकसेल, हवेत दात वाजवेल. घाबरून त्याला उचलू नका. आजी आहे ती, रागावणारच. खेकसून तिथेच थांबली, तो मागे सरला, की धडा संपला. मागे धावून दाबायला लागली तर मात्र मधे पडा.

आणखी एक, घाई यासाठी करा की भाद्रपद येतोय. 'भाद्रपदातली कुत्री' उगाच म्हणत नाहीत, माजाचा काळ. गल्लीतल्या नरांचं डोकं ठिकाणावर नसतं, बाहेरून टोळ्या येतात, रात्रभर भांडणं. तोवर गुळ्याही सात महिन्यांचा होईल आणि टायगरच्या लेखी पिल्लू राहणार नाही, प्रतिस्पर्धी होईल. आत्ता जे होईल ते स्वस्तात होईल.

*

राईनकाठची
१४ जून, रात्री ११:५५

वाचनखूण साठवली. पिशवीचा किस्सा, हो हो, आमच्याकडेही झालंय.

*

तात्या_टेकडीकर
१५ जून, सकाळी ५:५०

माघार घेतो. पण टेकडीवर आणाच, पट्ट्यासकट. लांबून मोर बघेल, माणसं बघेल. आणि त्या सिंबाच्या मालकाला पट्टा लावायला सांगा. लाजू नका.

*

ठाकुर्ली_फास्ट
१५ जून, रात्री ११:३०

लिहू की नको करत होतो. आमचा ढोल्या, बीगल, मार्च २०२० मध्ये दोन महिन्यांचा होता. ब्रीडरकडून आणला आणि पंधरा दिवसांत टाळेबंदी. सात-आठ महिने त्याने आमच्या तिघांशिवाय कुणी पाहिलं नाही. कुत्रा तर नाहीच. खिडकीतून कावळे.

मग बाहेर पडल्यावर घाबरायला लागला, आणि आम्ही ती चूक केली जी शेजारी सुचवतायत. 'सवय होईल' म्हणून मित्राच्या फार्महाउसवर पाच कुत्र्यांत सोडला. तो एका खुर्चीखाली जाऊन बसला. आम्ही म्हटलं, येईल बाहेर. चार तासांनी एका कुत्र्याने खुर्चीखाली तोंड घातलं आणि ढोल्याने त्याचा कान फाडला. बारा टाके. त्या दिवसापासून त्याने ठरवून टाकलं की आधी आपणच चावायचं.

आज सहा वर्षांचा आहे. दोन वर्षं मेहनत घेतली, वर फुटाळ्याच्या पोरीने सांगितलेल्या पद्धतीनेच. आता समोरच्या फुटपाथवरून कुत्रा गेला तर माझ्याकडे बघतो, 'दिसला मला' असं म्हणतो आणि खाऊ मागतो. एवढंच. कुठल्याही कुत्र्याशी खेळत नाही, खेळणारही नाही. आम्ही पहाटे साडेचारला फिरायला जातो, डोंबिवलीत तेव्हाच रस्ता रिकामा असतो. जड वाटत नाही आता. पण गुळ्याला सोडू नका कुणाच्यात.

*

शेवंती
१६ जून, सकाळी ८:००

ठाकुर्ली_फास्ट, तुम्ही लिहिलंत म्हणून आज मी शेजाऱ्यांना ठाम नाही म्हणाले. पहिल्यांदाच. आभार कसे मानू?

*

शेवंती
९ जुलै, रात्री ९:४५

थोडी बातमी, वेळ लागला लिहायला.

काळीशी माझी ओळख झाली. पार्ले-जी तिला आवडत नाही, मारी आवडतं. गोचीड भरपूर होते, डॉक्टरांना (आमच्या) विचारून मानेवर टाकायचं औषध घातलं. लसही टोचून घेतली, लेकाने धरली, तिने हूं का चूं केलं नाही.

मग रोज संध्याकाळी लेक काळीबरोबर समोरच्या बाजूने आणि मी गुळ्याबरोबर इकडून. पहिले चार दिवस नुसता तमाशा, लोक थांबून बघत होते. एका आजोबांनी विचारलं, कुत्र्यांचं लग्न ठरवताय का? पाचव्या दिवशी त्याने भुंकता भुंकता पनीर खाल्लं. दहाव्या दिवशी भुंकायचाच विसरला. मग पाऊस इतका लागला की चार दिवस जाता आलं नाही आणि परत पहिल्यापासून. तेव्हा मी फार चिडले, खोटं का बोलू.

सिंबाच्या मालकांशी बोलले. पहिल्यांदा त्यांनी "तुमचाच जरा भित्रा आहे" म्हटलं. मग मी ओळख नको, फक्त पट्टा हवाय म्हटलं. आता कधी लावतात, कधी नाही. मी जिन्याने उतरते.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्या दत्तभक्त. मी सहज म्हटलं, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, एकही गुरगुरत नाही, त्यांच्या ओळखी कुणी करून दिल्या असतील? काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी पिशवीत भाकरी घेऊन स्वतःच खाली गेल्या. आता काळी त्यांना बघून उठते, मला बघून उठत नाही.

*

गोठा_ते_क्लिनिक
१० जुलै, दुपारी १:३०

उत्तम. पावसाने मागे जाणं चालायचंच, दुसऱ्यांदा लवकर भरून निघतं. साचलेल्या पाण्यात दोघांना जाऊ देऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो. त्याची लस नाईन-इन-वन या एकत्रित लसीमध्ये असते, पण दरवर्षी घ्यावी लागते. नसबंदीचंही आता तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा.

*

स्पष्टवक्ता_६७
१० जुलै, रात्री ८:१५

काळीला लस टोचलीत, हे चांगलं केलंत.

*

फुटाळ्याची_पोर
१० जुलै, रात्री ८:१६

काका!!!

*

शेवंती
२ ऑगस्ट, रात्री १०:०५

काल झालं. लेक आणि मी बोलत उभे होतो, लक्षही नव्हतं. काळी पारावर बसलेली. गुळ्या वळसा घालून मागून गेला, हुंगलं. मी मनात एक, दोन मोजलं आणि तीनच्या आधी तोच परत आला, मला बघून अख्खा हलत होता. आज तो तिच्यापुढे वाकला, बूड वर, नमस्कार. काळीने जांभई दिली आणि तोंड फिरवलं. त्याने पुन्हा केला. तिने पुन्हा तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा कान धरला तेव्हा खेकसली, तो मागे पडला, उठला आणि तिच्यापासून दोन हातांवर निमूट बसला. घरी आल्यावर माझी सलवार धरली ती एरवीपेक्षा हळू, की मलाच तसं वाटलं, माहीत नाही.

टायगरला बघून अजून भुंकतो. सिंबाचा वास आला की अजून बूड टेकतो. लिफ्टने जात नाही.

*

ठाकुर्ली_फास्ट
२ ऑगस्ट, रात्री ११:१०

दोन हातांवर बसला! ढोल्याला वाचून दाखवलं. त्याने खाऊ मागितला.

*

तात्या_टेकडीकर
३ ऑगस्ट, सकाळी ५:४५

टेकडीवर कधी येताय? चिखल आहे, टॉवेल आणा. आणि गोचिडाच्या औषधाची तारीख लिहून ठेवा, महिनाभरच चालतं ते.

*

शेवंती
३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

तात्या, बरं झालं आठवण केलीत, काळीचं कालच द्यायचं होतं! रविवारी येतो. सासूबाईही येणार म्हणतायत, पण काळीला रिक्षात कसं बसवायचं ते त्यांनाच ठरवू दे.